टँकरची बॅटरी का उतरते?

उन्हाळ्यात आपल्या हॉस्टेलला पाणी कुठून येतं हे सगळ्यांना माहीत आहे. नळातून नाही, टँकरमधून! पण टँकर कशावर चालतो असं विचारलं तर सगळे एकसुरात "डिझेलवर" म्हणतील. बरोबर आहे. मात्र त्या डिझेल इंजिनला सकाळी जागं करायला चासीच्या कडेला एका लोखंडी पेटीत दोन बॅटऱ्या बसलेल्या असतात. त्या रुसल्या की दहा हजार लिटर पाणी जागच्या जागी उभं राहतं. गेल्या एप्रिलमध्ये हे दोनदा झालं. त्यातलं एकदा तर इंटर्नलच्या दिवशी सकाळी! त्या दिवशी बादल्या घेऊन उभ्या असलेल्या पब्लिकने टँकरवाल्या मामांना जे ऐकवलं ते संपादक छापणार नाहीत.

मला मात्र पाण्यापेक्षा दुसरीच गोष्ट खटकली. त्या टँकरला चौदा महिन्यांत दोनदा नवीन बॅटरी टाकावी लागली होती, आणि दुसऱ्या बॅटरीचे पैसे मालकाने मामांच्या पगारातून हप्त्याहप्त्याने कापायला घेतले होते. मालकाचं म्हणणं असं की गाडी चार पावलं जाते, थांबते, ड्रायव्हर सारखा सेल्फ मारतो, म्हणून बॅटरी मरते. मामांचं म्हणणं, "ताई, फेऱ्याच लहान. गाडी बंद नाय केली तर डिझेलचं कापत्यात, बंद केली तर बॅटरीचं." बॅटरीवाल्याचं म्हणणं, डायनॅमो बघा. डायनॅमोवाल्याने मीटर लावून सांगितलं, डायनॅमो एकदम ओके. थोडक्यात, सगळे बरोबर आणि बॅटरी मेलेली!

मी थर्ड इयर मेकॅनिकलला आहे आणि शाळा कॉन्व्हेंटमधली. त्यामुळे 'विद्युत घट', 'प्रत्यावर्तक' वगैरे शब्द माझ्याकडून अपेक्षित धरू नयेत. गॅरेजमध्ये आल्टरनेटरला डायनॅमो म्हणतात आणि स्टार्टरला सेल्फ. इथेही तेच चालवते.

आधी बेसिक. पेट्रोल इंजिनला ठिणगी लागते, डिझेलला नाही. डिझेल इंजिनात हवा इतकी दाबली जाते की ती स्वतःच तापते आणि त्या गरम हवेत डिझेल फवारलं की ते पेट घेतं. ट्रकच्या इंजिनात कॉम्प्रेशन रेशो साधारण १७-१८ ला १ असतो. एवढी हवा दाबत इंजिन फिरवायचं, तेही मिनिटाला शंभर-दोनशे फेऱ्यांच्या वेगाने, म्हणजे सेल्फला घाम फुटणारच. वेग कमी पडला तर दाबलेल्या हवेची उष्णता सिलिंडरच्या भिंती खाऊन टाकतात आणि इंजिन पेटत नाही. म्हणून कमजोर बॅटरीवर डिझेल गाडी नुसती घुंई-घुंई करत राहते. जितकं फिरवाल तितकी बॅटरी खाली, आणि जितकी बॅटरी खाली तितकं फिरणं हळू.

मोठ्या ट्रकमध्ये म्हणूनच २४ व्होल्ट असतात. १२-१२ च्या दोन बॅटऱ्या सिरीजमध्ये. तेवढ्याच पॉवरला करंट निम्मा लागतो, आणि करंट निम्मा झाला की तेवढ्याच वायरमधला लॉस एक चतुर्थांश होतो. आय स्क्वेअर आर, फर्स्ट इयरचा बेसिक इलेक्ट्रिकल आठवा. (ज्यांची केटी राहिली होती त्यांनी जास्त आठवा.)

'सिरीज' हा शब्द लक्षात ठेवा, सगळी केस त्याच्यावर फिरते.

आता मालकाच्या आरोपाकडे येऊ. सेल्फ मारला की नेमकं किती जातं? आपल्या टँकरच्या बॅटऱ्या १००-१०० अँपिअर-अवरच्या आहेत. म्हणजे पुस्तकी हिशोबाने ५ अँपिअर करंट वीस तास. सेल्फ मारताना पहिल्या क्षणी करंट खूप उसळतो, नंतर खाली येतो. सरासरी ३०० अँपिअर धरू आणि वेळ तीन सेकंद धरू. ३०० गुणिले ३ म्हणजे ९०० अँपिअर-सेकंद. तासात आणायला ३६०० ने भागा. उत्तर ०.२५ अँपिअर-अवर. शंभरातला पाव! गाडी चालू झाल्यावर डायनॅमोने २० अँपिअर जरी बॅटरीत ढकलले तरी हे पाऊण मिनिटात भरून निघतं. थोडं नुकसान धरून एक मिनिट म्हणा.

मामांच्या दिवसाला सहा फेऱ्या. भरणा केंद्रावर रांग असते, तिथे दोन-तीनदा गाडी पुढे घ्यावी लागते. मग भरल्यावर एकदा, हॉस्टेलच्या टाकीत रिकामी केल्यावर एकदा. फेरीला पाच सेल्फ, दिवसाला तीस. तीस गुणिले पाव म्हणजे साडेसात अँपिअर-अवर. केंद्र इथून पाच किलोमीटर. एका बाजूला पंधरा मिनिटं धरली तर दिवसभरात इंजिन तीन तास चालतं. तीन तासांत साडेसात भरून निघायला काहीच हरकत नाही.

म्हणजे 'सारखा सेल्फ मारतो म्हणून' हे कारण नापास. पण नुसत्या गणितावर मालक ऐकणार नाही हे मला माहीत होतं. खरा पुरावा मामांच्याच तोंडून निघाला. कुठली बॅटरी बदलली, असं मी विचारलं. "ही, अर्थकडची. मागच्या वेळंबी हीच." आणि दुसरी? "ती जुनीच हाय. तिच्यात फकस्त पाणी लई लागतं."

आता सिरीज आठवा. सेल्फचा करंट दोन्ही बॅटऱ्यांतून सारखाच जातो, त्याला दुसरा रस्ताच नाही. सेल्फने बॅटरी मरत असती तर दोन्ही साधारण बरोबरीने मेल्या असत्या. एकाच जागेवरची बॅटरी दोनदा मरते, म्हणजे त्या एकट्या बॅटरीतून कोणीतरी काहीतरी पितंय.

ते काहीतरी केबिनमध्ये विविध भारती लावून बसलं होतं!

टेप, एफ.एम. आणि डॅशबोर्डवरचा छोटा पंखा, हे सगळं बाजारात सहज मिळतं ते १२ व्होल्टचं. गाडी २४ ची. मग इलेक्ट्रिशियन सोपा मार्ग काढतो. दोन बॅटऱ्यांच्या मधल्या जोडावरून एक वायर घेतो, दुसरी अर्थला. झाले १२ व्होल्ट, खर्च शून्य! हायवेवरच्या ट्रकला हे बरेच दिवस खपून जातं. आपल्या टँकरसारख्या गाडीला नाही, कारण इथे इंजिन तीन तास चालतं आणि सहा तास बंद असतं. रांगेत अर्धा तास, भरायला दहा मिनिटं, रिकामं व्हायला वीस मिनिटं, असं फेरीला एक तास. एफ.एम. आणि पंखा मिळून साडेतीन अँपिअर (क्लॅम्प मीटर लावून बघितलं). साडेतीन सक एकवीस. एकवीस अँपिअर-अवर, आणि तेही फक्त अर्थकडच्या बॅटरीतून. गाडी चालताना पंखा फिरतच असतो, ते वेगळं. ज्या तीस सेल्फांवरून मामांचा पगार कापला जात होता ते सगळे मिळून साडेसात!

ही खालची बॅटरी भरून का निघत नाही? डायनॅमोचा कटआउट, म्हणजे रेग्युलेटर, दोघींची बेरीज बघतो. बेरीज २८ व्होल्ट झाली की तो हात आखडता घेतो. वरची बॅटरी आधीच भरलेली, तिचा व्होल्टेज पटकन चढून १४.८ वर जातो. खालचीला उरतात १३.२. बेरीज २८, कटआउट खूश. वरची जास्त चार्ज होऊन उकळते, तिचं पाणी उडतं. खालची कायम उपाशी. एका घरात दोन भावंडं आणि आई फक्त एकूण पोळ्या मोजते, असा प्रकार. डायनॅमोवाल्याने दोन टोकांना मीटर लावून २८ बघितले आणि 'ओके' म्हणाला. खोटं नव्हतंच ते.

सकाळी गाडी सुरू करायच्या आधी आम्ही दोन्ही बॅटऱ्या वेगवेगळ्या मोजल्या. वरची १२.६, खालची ११.९. बेरीज २४.५, लांबून बघणाऱ्याला ठीकच वाटेल. पण शांत पडलेल्या १२ व्होल्टच्या बॅटरीत १२.६ म्हणजे जवळजवळ पूर्ण, १२.२ म्हणजे साधारण अर्धी, आणि १२ च्या खाली म्हणजे तळ दिसायला लागला. हायड्रोमीटरने अॅसिड तपासलं तर वरचीत १.२६ आणि खालचीत १.१५ च्या आसपास. केस क्लोज्ड!

खरं तर इथे थांबता आलं असतं. पण लहान फेऱ्यांच्या गाडीचा आणखी एक आजार आहे, तो एफ.एम. नसलेल्या गाडीलाही होतो. तो म्हणजे वेळ.

लेड-अॅसिड बॅटरी गॅस्टन प्लँटे या फ्रेंच माणसाने १८५९ मध्ये बनवली. तेव्हापासून तिचा एक स्वभाव बदललेला नाही. ती पहिले ऐंशी टक्के भराभर भरते आणि शेवटच्या वीस टक्क्यांना तासन् तास घेते. एस.टी.सारखं. पहिले चाळीस जण पटापट बसतात, मग शेवटचे दहा "जरा सरका, जरा सरका" करत आत शिरायला तेवढाच वेळ खातात. प्लेटच्या वरवरच्या थरातलं काम लगेच होतं, आतल्या छिद्रांत अॅसिडला ये-जा करायला वेळ लागतो. तुम्ही मोठा डायनॅमो बसवा, ४५ अँपिअरच्या जागी ९० चा लावा, शेवटच्या वीस टक्क्यांना काही फरक पडत नाही. बॅटरीच करंट घेत नाही! पंधरा मिनिटं गाडी चालली, जरा चार्जिंग चढलं, की बंद. पुन्हा पंधरा मिनिटं. अशी बॅटरी महिनोन् महिने ऐंशीच्या वर जातच नाही.

न गेल्याने काय बिघडतं? बॅटरी उतरताना प्लेटवर लेड सल्फेट जमतं. ताजं असताना ते पिठीसाखरेसारखं बारीक असतं, चार्जिंग मिळालं की विरघळून जातं. ते तसंच आठवडेच्या आठवडे पडून राहिलं की त्याची खडीसाखर होते. मोठे कडक खडे. मग नेहमीच्या चार्जिंगला ते दाद देत नाहीत आणि तेवढी प्लेट बाद. याला सल्फेशन म्हणतात. आपल्याकडे उन्हाने बॅटरीचं आयुष्य असंही कमीच होतं. दहा अंश तापमान वाढलं की आयुष्य जवळपास निम्मं, असा अंगठ्याचा नियम आहे. त्यात हे.

(एक गंमत. नीट न भरलेल्या बॅटरीत जड अॅसिड तळाशी बसतं आणि वरचं पातळ राहतं. हलवलं की ते परत मिसळतं. आपल्या गेटसमोरच्या खड्ड्यांचा माझ्या मते हा एकमेव उपयोग आहे.)

मग गाडी उभी असताना इंजिन तसंच चालू ठेवलं तर? हा सल्ला प्रत्येक नाक्यावर फुकट मिळतो. आयडलवर डायनॅमो जेमतेम फिरतो, लेबलवरच्या आकड्याच्या तिसऱ्या हिश्श्याइतका करंट दिला तरी खूप. त्यातून रात्री हेडलाइट चालू असतील तर ७०-७५ वॅटचे दोन बल्बच सहा अँपिअर खातात. उरलेलं बॅटरीत गेलं तरी शेवटचे वीस टक्के तासांचाच हिशोब मागतात, आणि ट्रकचं इंजिन नुसतं उभं राहून तासाला लिटर-दीड लिटर डिझेल पितं. बॅटरी भरण्याची यापेक्षा महाग पद्धत मला तरी माहीत नाही.

टर्मिनलबद्दल थोडक्यात, पण महत्त्वाचं. टर्मिनलवर जो पांढरा-हिरवा बुरा जमतो त्याचा रेझिस्टन्स ०.०१ ओहम जरी असला तरी ३०० अँपिअरला ३ व्होल्ट तिथेच गायब होतात. चांगली बॅटरी वाईट ठरते. कोमट पाणी, खायचा सोडा, जुना टूथब्रश, मग घट्ट आवळून वर व्हॅसलीन. अर्थची वायर चासीला जिथे बोल्टने लावलेली असते तो सांधाही उघडून घासायचा, तो सगळे विसरतात. आणि डायनॅमोचा पट्टा ढिला नाही ना, हे अंगठ्याने दाबून बघायचं, अर्थात इंजिन बंद असताना.

आम्ही केलं ते असं. ई अँड टी.सी.च्या एका मैत्रिणीने २४ चे १२ करणारा कन्व्हर्टर आणला आणि मधली वायर कायमची काढून टाकली. आता एफ.एम. दोन्ही बॅटऱ्यांतून सारखंच घेतं. खड्डा बुजला नाही हं, दोघींमध्ये वाटला गेला एवढंच. साडेतीनच्या जागी आता दोघींतून दोन-दोन अँपिअर जातात. 'एफ.एम. बंद ठेवा' हा उपाय आमच्यातल्या एकीने सुचवला होता. एप्रिलच्या दुपारी पत्र्याच्या केबिनमध्ये रांगेत अर्धा तास बसून दाखव म्हटल्यावर तिने तो मागे घेतला.

दुसरं, बॅटरीला कट-ऑफ स्विच बसवला. हॉस्टेलशी गाडी लावली की मामा तो फिरवून बंद करतात. टँकरला जी.पी.एस. असेल तर तो रात्रंदिवस थोडं थोडं पीत असतो, त्याला स्विचच्या आधी जोडायचं की नंतर हे मालकाला विचारून ठरवावं. बी.एस.-६ गाड्यांत (१ एप्रिल २०२० पासून) तर चावी काढल्यावरही काही वेळ यंत्रणा चालू असते. बऱ्याच गाड्यांत युरियाची लाइन रिकामी करणारा पंप तेव्हा काम करतो. अशा गाडीत कट-ऑफ लगेच फिरवू नये, मॅन्युअलमध्ये दिलेला वेळ जाऊ द्यावा. त्या गाड्यांना लहान फेऱ्यांचा आणखी एक त्रास आहे, सायलेन्सरमधला काजळीचा फिल्टर जळून साफ व्हायला लागणारी उष्णता मिळत नाही. पण तो वेगळा लेख होईल.

तिसरा आणि खरा उपाय म्हणजे आठवड्यातून एक रात्र चार्जर. बॅटरीच्या अँपिअर-अवरच्या दहाव्या हिश्श्याने, म्हणजे १०० च्या बॅटरीला १० अँपिअरने सुरुवात करायची आणि रात्रभर सोडायची. शेवटी करंट आपोआप घसरतो तो चांगला चार्जर. आमचा कॉलेजच्या वर्कशॉपमधला जुना १२ व्होल्टचा आहे, म्हणून दोघींना जोडणारी पट्टी सोडून एका आठवड्यात एक, पुढच्या आठवड्यात दुसरी असं करतो. चार्ज होताना हायड्रोजन निघतो, तेव्हा पेटीचं झाकण उघडं, जागा हवेशीर आणि विडी-काडी लांब. चिमटे आधी लावायचे, मग स्विच चालू. काढताना आधी स्विच बंद. उलटं केलं तर ठिणगी नेमकी हायड्रोजनपाशी पडते. प्लेटा उघड्या पडल्या असतील तर त्या बुडतील इतकंच डिस्टिल्ड वॉटर आधी घालायचं, बाकीचं चार्जिंग झाल्यावर. अॅसिड कधीच नाही, नळाचं पाणी तर नाहीच.

रेक्टर सरांचा पहिला प्रश्न अपेक्षितच होता. लाइट बिल कोण भरणार? म्हणून हिशोब लिहूनच नेला होता. बॅटरीत ३० अँपिअर-अवर परत घालायचे म्हटले तरी ३० गुणिले १४ म्हणजे ४२० वॅट-अवर. चार्जरमध्ये वाया जाणारं धरून पाऊण युनिट. दोन किलोवॅटचा गीझर बावीस मिनिटं चालवला की तेवढंच होतं. सरांनी एकदा कागदाकडे बघितलं, एकदा मुलींच्या विंगकडे बघितलं आणि सही केली. पंपहाउसमधला प्लग आता अधिकृत आहे!

हे जसंच्या तसं इतर गाड्यांनाही लागू होतं. घंटागाडी, गॅस सिलिंडरची गाडी, लांब न जाणारी स्कूल बस, सगळ्यांचा आजार हाच. थंड देशांत यात भर पडते. अमेरिकेत डिझेल पिकअप असतात, त्यांतल्या कित्येकांत १२ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या पॅरलल जोडलेल्या असतात आणि थंडीत आत जाणारी हवा तापवायचा हीटर किंवा ग्लो प्लग सेल्फच्या आधीच आणि कधी नंतरही भरपूर करंट ओढतात. तिथे सकाळी दुकानापर्यंत जाऊन आलं तर बॅटरी निघाली त्याहून खाली असू शकते. आपल्याकडे तो प्रश्न नाही, आपल्याकडे रांग आहे.

पाच आठवड्यांनंतरचे आकडे सांगते. वरची १२.६, खालची १२.५. खालचीची खडीसाखर पूर्ण गेलेली नाही, तिची ताकद नवीनसारखी राहिली नाही हे सेल्फच्या आवाजावरून मामांना कळतं, मला मीटर लावावा लागतो. पण नवीन बॅटरी घ्यावी लागली नाही आणि पाणी चुकलं नाही. हाच हिशोब मराठीत एका पानावर लिहून आम्ही मालकांकडे दिला. त्यांनी आपला इलेक्ट्रिशियन आणून दोन्ही बॅटऱ्या वेगवेगळ्या मोजून घेतल्या. पुढचे हप्ते थांबले. कापलेले दोन हप्ते अजून परत मिळालेले नाहीत, त्याबद्दल मामा स्वतः काही बोलत नाहीत. आम्ही मात्र विचारणं सोडलेलं नाही.

पंपहाउसच्या दारामागे एक वही दोरीला बांधली आहे. तारीख, वरची, खालची, सही, एवढेच रकाने. मीटर माझ्या रूममध्ये असतो. पी.एल. सुरू झाल्यावर शनिवारची रात्र कोण घेणार ते अजून ठरायचंय. फर्स्ट इयरच्या दोघी-तिघी तयार असतील तर त्यांनी मेसमध्ये मला गाठावं, चिमटे कसे लावायचे ते दहा मिनिटांत दाखवते.